आरोपी लिनक्स हाजिर हो!

फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते म्हणतात. नसेल, पण तिचा एक उपयोग नक्की असतो. तिच्यावर खापर फोडता येतं, आणि तेही फुकटात. बुऱ्हाणपुरात सध्या हा मान लिनक्सकडे आहे.

झालं असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. पॉवरलूमच्या गाळ्यात सुताची धूळ खात बसलेल्या आपल्या संगणकांकडे यातलं काहीच नव्हतं. पुढच्याच आठवड्यात दिवाळी आली आणि दिवाळीबरोबर भाचे आले. त्यांनी चकल्या खाल्ल्या, मावा जिलेबी खाल्ली, मामाच्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलं, "मामा, आता तुम्हाला व्हायरसचं टेन्शन नाही" असं सांगितलं. मग पुण्याचा भाचा लालबागच्या स्टेशनवरून गाडी धरून आणि इंदूरचा इच्छापूर रोडची बस पकडून निघून गेला. मागे उरले मामा, मिंट आणि तक्रारी.

शनवारा चौकात चहाच्या प्रत्येक कटिंगबरोबर या तक्रारी वाढत गेल्या. म्हणून या आठवड्यात सदराचं कोर्ट बसवलं आहे. फिर्यादी समस्त मामा, आरोपी लिनक्स. आरोपीला वकील नाही. ज्याची कमाईच शून्य, त्याला वकील कुठून परवडणार?

आरोप पहिला: जागा असून नाही म्हणतो

फिर्याद व्हिडिओ शूटिंगवाल्यांची. असीरगडावर प्री-वेडिंग शूट झालं. नवरदेव तटावर, नवरी बुरुजावर, ड्रोन दोघांच्या डोक्यावर. फिल्म झाली सहा जीबीची. ती रावेरच्या मामांना पेनड्राइव्हवर द्यायची होती. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, कोरा करकरीत. कॉपी सुरू झाली, चार जीबीपर्यंत धावली आणि थांबली. पाटी आली: फाइल फार मोठी आहे. "अहो, निम्म्याहून जास्त पेनड्राइव्ह रिकामा आहे आणि मोठी कशी?"

पुरावा तपासला. पेनड्राइव्ह कारखान्यातूनच फॅट-३२ पद्धतीनं बांधून आलेला. ही पद्धत १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्या नोंदवहीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना आहे, आणि त्यात मावणारा मोठ्यात मोठा आकडा म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. पेनड्राइव्ह केवढाही असो, एका फाइलला त्यापुढे लिहायला जागाच नाही. त्या काळी घरच्या संगणकाची अख्खी हार्ड डिस्क एक-दोन जीबीची असायची. कोणी एक दिवस लग्नाआधीच्याच शूटिंगची सहा जीबी करेल, हे त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. हाच पेनड्राइव्ह विंडोजला लावा, तिथंही हेच उत्तर मिळेल. फक्त तिथं आपण गप्प बसतो.

उपाय सोपा आहे. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करावा. लिनक्सच्या गाभ्यात त्याची सोय २०१९ पासून आहे. फॉरमॅटमध्ये आतलं सगळं पुसलं जातं, तेवढं आधी काढून ठेवावं. मामांच्या जुन्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येत नसेल, तर फिल्मचे दोन भाग करावेत. पहिल्यात तट, दुसऱ्यात बुरूज. मामा तसेही मध्येच जेवायला उठणार आहेत.

निकाल: निर्दोष. १९९६ सालाला हजर राहण्याचं समन्स.

आरोप दुसरा: शंभर टक्के म्हणतो आणि सोडत नाही

फिर्याद मुनीमजींची. वर्षाचा हिशेब सीए साहेबांकडे न्यायचा होता. कॉपीची पट्टी सरसर पुढे गेली, शेवटाला टेकली, खिडकी मिटली. मुनीमजींचा अंगठा आणि तर्जनी पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हचा बारका दिवा अजून लुकलुकत होता, पण दिव्याकडे बघायला ती काय दिवाळी होती? खट्. सीए साहेबांच्या टेबलावर फोल्डर उघडलं तर फाइलींची नावं सगळी जागच्या जागी आणि निम्म्यांच्या पोटात शून्य बाइट.

पुरावा असा. लिनक्स कॉपी करताना माल आधी रॅममध्ये उतरवून घेतो आणि मग मंद गतीच्या पेनड्राइव्हवर सवडीनं लिहीत बसतो. म्हणून सुरुवातीला वेग वाऱ्याचा दिसतो आणि शेवटच्या टक्क्याला मशीन झोपल्यासारखं वाटतं. कधी खिडकी मिटते तरी आतलं लिहिणं चालूच असतं. फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्हच्या नावापुढे बाहेर काढण्याचं बारीक बटण असतं, ते दाबून ‘आता काढा’ असा निरोप येईपर्यंत थांबायचं. टर्मिनलची भीती नसेल तर ‘सिंक’ एवढा एकच शब्द टाइप करून एंटर मारायचं. खालची ओळ परत आली की लिहिणं संपलं. विंडोज १० नं १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्हच्या बाबतीत ही मागाहून लिहिण्याची उधारी मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवली. त्यामुळे खटकन उपटायची सवय आपल्या हाडीमाशी खिळली.

निकाल: अंशतः दोषी. काम पुरं होण्याआधी ‘झालं’ म्हणून मोकळं होणं हा रस्त्याच्या ठेकेदाराचा वहिवाटीचा हक्क आहे. संगणकानं त्यावर अतिक्रमण करू नये.

आरोप तिसरा: फोटो खाल्ले

फिर्यादीनं बाजारातून दोन टीबीचा पेनड्राइव्ह घेतला, चारशे रुपयांत. घासाघीस करून. घरातले सगळे फोटो त्यावर टाकले. आधीचे उघडतात, नंतरचे उघडत नाहीत. विंडोजवर असं कधी झालं नव्हतं, असं फिर्यादीचं म्हणणं. विंडोज असताना हा पेनड्राइव्ह घेतलेलाच नव्हता, हे उलटतपासणीत निघालं.

असल्या पेनड्राइव्हमध्ये चिप असते जेमतेम काही जीबीची आणि तिच्या दारात बसलेला कंट्रोलर जग विचारेल तेव्हा ‘दोन टीबी’ असं ठोकून देतो. खरी जागा संपली की पुढचा माल हवेत जातो नाहीतर आधीच्याच्या उरावर बसतो. वरून नावं दिसत राहतात. लिनक्सवर एफ-थ्री नावाचं एक साधन मिळतं. ते पेनड्राइव्ह काठोकाठ भरतं, मग सगळं परत वाचून ताळा करतं आणि किती जागा खरी, किती खोटी ते आकड्यात सांगतं. नवा पेनड्राइव्ह घरात आला की पहिल्यांदा त्याची ही परीक्षा घ्यावी, फोटो मग टाकावेत.

निकाल: निर्दोष. फिर्यादीला ताकीद: घासाघीस करताना दुकानदार फार लवकर ‘हो’ म्हणाला, तेव्हाच उठायचं होतं.

आरोप चौथा: जुन्या डी ड्राइव्हवर लिहू देत नाही

काही सावध मामांनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकलं. आता लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवरचं वाचता येतं, पण लिहायला गेलं की नकार. कधी तर डिस्क उघडतच नाही.

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. शट डाउन केलं की विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि आपली डिस्क अर्ध्या कामात तशीच ठेवतं. त्यात बाहेरच्यानं लिहिलं तर विंडोज उठल्यावर दोघांचे हिशेब जुळणार नाहीत आणि डिस्कचा विचका होईल. म्हणून लिनक्स हात लावत नाही. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं, मशीन नीट बंद केलं, की काम होतं. ‘जबरदस्तीनं लिहू दे’ अशी कमांड नेटवर कोणीतरी दिलेली असते. ती देणाऱ्याचा डेटा त्या डिस्कवर नसतो.

निकाल: निर्दोष, शिवाय शाबासकी. दुसऱ्याच्या उघड्या वहीत न लिहिण्याची सभ्यता दोन राज्यांच्या सीमेवरच्या या गावात कोणाला तरी आहे.

आरोप पाचवा: कट केलं, पेस्ट केलं, मधल्या मध्ये गेलं

मोठी डिस्क आणली, त्यावर सगळं हलवायला घेतलं. कट, पेस्ट. निम्म्यात लाइट गेली. परत आली तेव्हा अर्धं इकडे, अर्धं तिकडे आणि एक फाइल धड इकडे ना तिकडे.

एकाच डिस्कवर एकाच विभागात फाइल हलवणं म्हणजे नुसता पत्ता बदलणं. क्षणात होतं. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर मात्र फाइल ‘हलत’ नाही. तिकडे तिची नक्कल तयार होते आणि इकडची पुसली जाते. कट-पेस्ट हा दोन कामांवर ओढलेला एक पडदा आहे.

बुऱ्हाणपूरला तर हे कोणी शिकवायला नको. १७ जून १६३१ ला मुमताज महल या गावात वारली, चौदाव्या बाळंतपणात. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत, आहुखान्याशी तिला पुरलं, ते तात्पुरतं म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरात तिचा देह आग्र्याकडे निघाला. तिथंही आधी तात्पुरती जागा आणि मग ताजमहालातली कायमची. हिंदुस्थानच्या बादशहालाही एका फटक्यात कट-पेस्ट जमलं नाही. दोनदा टेम्प फोल्डर करावं लागलं. आणि हलवाहलवीचा नियम तेव्हाही हाच होता. फाइल आग्र्याला गेली, इथे राहिलं रिकामं फोल्डर. जग फाइल बघायला जातं. फोल्डर बघायला आलेल्या पाहुण्याला रस्ता विचारत नदी ओलांडावी लागते.

तर मामा, मोठं सामान हलवायचं असेल तेव्हा कट नकोच. कॉपी करा, तिकडे उघडून बघा, मग इकडचं पुसा. सामान फारच मोठं असेल तर आरसिंक वापरा. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी १९९६ मध्ये ते बाहेर आणलं. फॅट-३२ च्याच वर्षातलं, पण हे मात्र अजून शहाणं आहे. लाइट गेली, केबल निघाली, तरी तीच कमांड पुन्हा द्यायची. तिकडे पोहोचलेल्या फाइली ते सोडून देतं आणि राहिलेल्याच पाठवतं. एक खोच ध्यानात ठेवायची. पाठवायच्या फोल्डरच्या नावाअखेर तिरकी रेघ दिली तर नुसता आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट. तिरकेपणानं एवढा फरक पडतो, हे या सदराला फार आवडलं आहे.

निकाल: निर्दोष. वीज ऐन वेळी हजर नसल्यानं तिचा जबाब नोंदवता आला नाही.

आरोप सहावा, आणि सगळ्यात मोठा: डिस्क गिळली

सकाळी मशीन लावलं, पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत पासवर्डचीच पाटी. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पासवर्ड चुकलेला नाही. चुकला असता तर मशीननं तसं सांगितलं असतं. डिस्क इतकी भरली आहे की आत शिरताना करायची चिमूटभर नोंद लिहायलाही जागा नाही, म्हणून दारातूनच परतवणी. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबावं. काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांनी आत जाता येतं. तिथून डाउनलोड्समधली एखादी लठ्ठ फाइल पुसली की पुढचं दार उघडतं.

"पण पाचशे जीबीची डिस्क संपलीच कशी?" मामांचा मूळ सवाल. आधी पाचशेचं बघू. डिस्क विकणारा हजाराच्या हिशेबानं जीबी मोजतो. ‘डीएफ -एच’ ही कमांड १०२४ च्या हिशेबानं मोजते, आणि त्या हिशेबानं पाचशेचे ४६५ होतात. त्यातली पाच टक्के जागा लिनक्सची ईएक्सटी-४ पद्धत मशीनच्या मालकासाठी, म्हणजे ‘रूट’साठी, राखून ठेवते. म्हणजे आणखी तेवीस-एक जीबी. राखीव जागा ऐकल्यावर मामा खवळले, पण ही राखीव जागा आहे म्हणून तर डिस्क भरल्यावरही मशीन दुरुस्तीपुरतं जिवंत राहतं.

आता उरलेलं कोणी खाल्लं? मिंटच्या मेनूत डिस्क युसेज अ‍ॅनलायझर नावाचा प्रोग्राम आहे. तो चालवला की रंगीत कड्यांमधून कुठल्या फोल्डरनं किती जागा अडवली ते दिसतं. एका मामांच्या मशीनवर तो उघडला आणि पंचनामा सुरू झाला.

पहिला माल कचरापेटीत सापडला. मामांनी महिनोन्‌महिने जे ‘डिलीट’ केलं ते सगळं तिथं. कचरापेटीत टाकलं म्हणजे गेलं, हा नगरपालिकेवरचा विश्वास त्यांनी संगणकावरही ठेवला होता. बाहेरच्या हार्ड डिस्कवरचं पुसलेलंही त्याच डिस्कवर एका लपलेल्या ट्रॅश फोल्डरात पडून होतं. म्हणून ‘सगळं पुसलं तरी डिस्क भरलेलीच’. कंट्रोल आणि एच दाबलं की असली लपलेली फोल्डरं दिसतात.

दुसरा माल डाउनलोड्समध्ये. मामांची शेती सीमेच्या दोन्ही बाजूंना. रावेरकडच्या तुकड्याचा सातबारा, इकडच्याचा खसरा बी-वन. उतारा लागला की शोधायचा कोण? पुन्हा डाउनलोड. त्यामुळे खसरा, खसरा कंसात एक, खसरा कंसात दोन, असे उताऱ्यांचे कंस शेताच्या बांधाइतके लांबले होते. उतारे मात्र हलके असतात. खरी जागा खाल्ली होती त्याच फोल्डरातल्या व्हिडिओंनी. फोन संगणकाला जोडून व्हॉट्सअ‍ॅपचं अख्खं फोल्डर ओढून ठेवलं होतं. सुप्रभात, शुभ रात्री आणि मध्ये केळीच्या भावाची चर्चा.

तिसरा माल भाच्याचा. जाताना त्यानं टाइमशिफ्ट रोजच्या रोज चालू केलं आणि स्नॅपशॉट ठेवायला तीच डिस्क दिली. काही बिघडलं तर मशीन मागच्या तारखेला नेता यावं म्हणून ही सोय. पाच-सात रोजचे स्नॅपशॉट, वर आठवड्याचे, महिन्याचे. मोजके ठेवून बाकीचे टाइमशिफ्टच्याच खिडकीतून काढायचे, फोल्डरात शिरून हातानं नव्हे.

चौथा माल मशीनचा स्वतःचा. अद्यतनांची उतरवलेली पाकिटं, जुने कर्नल आणि नोंदी. सिस्टीमचं जर्नल डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण चार जीबीच्या आत, जागा घेऊ शकतं. पाकिटांसाठी ‘एपीटी क्लीन’, जुन्या कर्नलसाठी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’, नोंदींसाठी ‘जर्नलसीटीएल’चं व्हॅक्यूम. एवढ्या तीन गोष्टी ‘सुडो’, म्हणजे रूटचा अधिकार, लावून केल्या तर चालतं. त्यापलीकडे सुडो लावून ‘व्हार’ किंवा ‘यूएसआर’ या सिस्टीमच्या फोल्डरांत फावडं चालवायला जाऊ नये. तिथलं काय कशाला आधार देतं, हे पाडल्यावरच कळतं.

आणि फाइल पुसली तरी जागा परत आली नाही, असंही होतं. एखादा चालू प्रोग्राम ती फाइल धरून बसलेला असतो. प्रोग्राम बंद केला की जागा सुटते. कुठला ते कळत नसेल तर मशीन एकदा बंद करून चालू करावं.

निकाल: निर्दोष. आरोपीनं काहीही गिळलेलं नाही. जे दिलं ते सांभाळलं आणि कोणी किती दिलं याचा हिशेबही ठेवला. फिर्यादीची हरकत त्या हिशेबाला आहे, असं कोर्टाचं मत झालं.

निकाल वाचून झाल्यावर मामांनी मान डोलावली. "पटलं बुवा सगळं. पण दुकानवाल्याशी बोलणं झालंय. पाचशे रुपयांत फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो म्हणतो. लाइफटाइम."

फॉरमॅट मारल्यावर जागा होते, यात शंका नाही. गाव पेटवल्यावरही होते. पोराचं बारसं, मुंजीचे फोटो, तीन वर्षांचा जीएसटी, सगळं गेल्यावर डिस्क अशी चकचकीत दिसते की वाटतं, आत्ताच घेतली. आणि ते लाइफटाइम विंडोज? ते यापूर्वीही याच दुकानातून, याच भावात आलं होतं. त्याची पावती मामांनी कधी मागितली नाही, दुकानदारानं कधी दिली नाही आणि मायक्रोसॉफ्टला त्यातला छदाम कधी मिळाला नाही. जगभरच्या माणसांनी राजीखुशीनं फुकट वाटलेल्या वस्तूवर आपला संशय, आणि दुसऱ्याच्या खिशातून काढलेल्या वस्तूला मात्र आपण पाचशे रुपये मोजून वर चहा पाजणार.

कोर्ट बरखास्त. कोणाला अपील करायचं असेल तर खुशाल करावं. फक्त येताना बॅकअप घेऊन यावं.